बुडालेला हंगाम कोणाच्या खात्यावर?

१४ मार्च २०२० रोजी गोव्यातील फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीग फुटबॉलचा अंतिम सामना झाला. कोलकात्याच्या एटीके संघाने चेन्नईयिन संघाचा ३-१ असा पराभव केला. स्टेडियममधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण करोनाच्या भीतीने प्रेक्षकांना आत सोडलेच नव्हते. पण सामना झाला, करंडक दिला गेला आणि लोकांनी तो घरबसल्या टीव्हीवर पाहिला. त्याच आठवड्यात महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि शाळा-महाविद्यालयांना टाळे लागले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांची मैदानेही त्याच टाळ्याआड गेली. गोव्यातल्या हंगामाचा शेवट साऱ्या देशाला ठाऊक आहे. आमच्याकडच्या मैदानांवरचा हंगाम कसा संपला, याची नोंद कोणी ठेवली?

कोणीही ठेवली नाही. म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, हा हिशेब मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

मराठवाड्यात फुटबॉल हा कोल्हापूर किंवा मुंबईसारखा गल्लीबोळात रुजलेला खेळ नाही, हे आम्ही जाणतो. इथे कबड्डी आहे, खो-खो आहे, टेनिस बॉलचे क्रिकेट आहे. नांदेडला गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने हॉकीची स्पर्धा भरते. तरीही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत फुटबॉल खेळला जातो आणि तो खेळणारी पोरे मोठ्या घरची नसतात. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. त्या नामांतरासाठी याच नांदेड जिल्ह्यात १९७८ साली पोचीराम कांबळे यांची हत्या झाली आणि १९९३ साली गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. विद्यापीठाचे दार आपल्या मुलांसाठी उघडे राहावे म्हणून ज्या समाजाने रक्त सांडले, त्या समाजाचा मुलगा विद्यापीठाची जर्सी अंगावर चढवतो तेव्हा ती आमच्या लेखी नुसती जर्सी राहत नाही.

आता कोणी म्हणेल, महाविद्यालयीन स्पर्धा तर बहुतेक मार्चच्या आधीच उरकतात. मग करोनाने यांचे नेमके काय नेले? खेळाचा हंगाम म्हणजे फक्त सामने असे समजणाऱ्यांना हा प्रश्न पडतो. गरिबाच्या मुलाचा हंगाम सामन्यांपुरता नसतो. वसतिगृहातली खाट, तिथले दोन वेळचे जेवण, सकाळी उघडणारे मैदान, वर्गणी काढून घेतलेले बूट आणि शिट्टी घेऊन उभे राहणारे क्रीडाशिक्षक, एवढे सगळे मिळून त्याचा हंगाम होतो. मार्चमध्ये वसतिगृहे रिकामी करायला सांगितली आणि हे सगळे एका दिवसात गेले. पोरे मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोटच्या आपापल्या गावी परतली. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते, त्यांच्या घराला तर कुलूप होते, कारण ती माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर अडकून पडली होती. ऑनलाइन वर्ग मोबाईलवर भरले. मोबाईलवर फुटबॉलचा सराव होत नाही.

यात हरलेल्या संघाचे एक वेळ फारसे बिघडले नसेल. सर्वांत मोठे नुकसान झाले ते जिंकत आलेल्या संघांचे. महाविद्यालयाचा संघ एका वर्षात तयार होत नाही. पहिल्या वर्षी पोरे एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या वर्षी पास कुठे येणार ते न पाहता कळू लागते आणि तिसऱ्या वर्षी तो संघ विद्यापीठ गाजवतो. पदवी तीन वर्षांची. जो मुलगा २०१९-२० मध्ये दुसऱ्या वर्षाला होता त्याचे तिसरे वर्ष, म्हणजे पिकाच्या काढणीचेच वर्ष, बंद दाराआड गेले. २०२०-२१ मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धांची मैदाने बंद राहिली. मैदाने पुन्हा उघडली तेव्हा तो मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला होता. संघ मैदानावर हरला नाही. तो आपोआप विरून गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मैदाने बंद केली याला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. साथीचे रोग काय असतात हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत चालत जाणाऱ्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी प्राण गमावणाऱ्या सावित्रीमाईंचे आम्ही वारस आहोत. १४ एप्रिल २०२० ची जयंती चळवळीने मिरवणुकीविना, घराघरात दिवे लावून आणि ग्रंथ वाचून साजरी केली. जो समाज आपला सर्वांत मोठा सण स्वतःहून उंबरठ्याच्या आत ठेवतो, त्याला शिस्त शिकवायला जाऊ नये. आमचा सवाल बंद करण्याविषयी नाही. जे बंद केले ते नंतर कोणाला परत मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, हा आमचा सवाल आहे.

परत मिळालेल्यांची यादी आधी पाहू.

आय-लीगमध्ये मोहन बागान संघाने १० मार्च २०२० रोजी चार फेऱ्या शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले होते. पुढे स्पर्धा थांबली, उरलेले २८ सामने रद्द झाले, पण बागानचे विजेतेपद कागदावर कायम राहिले. हे योग्यच झाले. टोकियो ऑलिम्पिक एक वर्ष पुढे गेले. पुरुषांच्या फुटबॉलला तेथे २३ वर्षांची वयोमर्यादा असते. फिफाने ती एका वर्षाने वाढवली आणि १ जानेवारी १९९७ नंतर जन्मलेल्यांचा हक्क शाबूत ठेवला. हेही योग्यच झाले. आपल्याकडे रणजी करंडक १९३४-३५ पासून सलग खेळला जात होता, तो २०२०-२१ मध्ये पहिल्यांदा भरला नाही. तेव्हा क्रिकेट मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये ठरवले की, ज्यांचा हंगाम बुडाला त्या खेळाडूंना सामना-मानधनाच्या ५० टक्के भरपाई द्यायची. याबद्दलही आमची तक्रार नाही. आणि आयपीएल? ती तर बुडालीच नाही. १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर २०२० या काळात ती संयुक्त अरब अमिरातीत थाटात पार पडली.

श्रीमंताच्या खेळाला दुसरे मैदान नेहमीच सापडते. लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्यास सांगितले. सामने बुडाले का? नाही. ते विशाखापट्टणमसारख्या दुसऱ्या शहरांत गेले. लातूरच्या महाविद्यालयातल्या करपलेल्या मैदानाला मात्र कोणी उचलून विशाखापट्टणमला नेले नाही. दुष्काळ असो की साथ, तिजोरी ज्याच्यामागे आहे तो खेळ जागा बदलतो आणि ज्याच्यामागे तिजोरी नाही तो खेळ बंद पडतो.

आता ज्यांना काहीच परत मिळाले नाही त्यांची यादी.

सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात होणार होता. यजमान म्हणून भारताच्या मुलींना थेट प्रवेश होता. तयारीच्या शिबिरात झारखंडमधल्या आदिवासी मुली होत्या. स्पर्धा आधी फेब्रुवारी २०२१ वर ढकलली आणि मग १७ नोव्हेंबर २०२० रोजी रद्द केली. भारताला २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळाले आणि ती भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झालीही. म्हणजे यजमानाला स्पर्धा परत मिळाली. पण २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली तोवर वयातून बाद झाल्या होत्या. ऑलिम्पिकच्या पुरुषांसाठी जी वयोमर्यादा एका वर्षाने सरकू शकली, ती या मुलींसाठी सरकली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या नागपूरचे. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली, त्यांच्या हाती खरा फुटबॉल दिला आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले. त्यातूनच 'स्लम सॉकर' उभी राहिली आणि पुढे नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मुळे ही कहाणी घराघरात पोचली. तो चित्रपटही मे २०२० मध्ये यायचा होता, तो ४ मार्च २०२२ ला आला. चित्रपट उशिरा का होईना, आला. पण बेघरांचा विश्वचषक? २०२० ची स्पर्धा फिनलंडमधील टाम्पेरे येथे व्हायची होती, ती रद्द झाली. २०२१ आणि २०२२ मध्येही ती भरली नाही. थेट जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे ती परत सुरू झाली. या स्पर्धेचा एक नियम लक्षात घ्या. खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथे खेळता येते. ज्याची ती 'एकदाच'ची पाळी २०२० मध्ये यायची होती, त्याने तीन वर्षे कोणत्या वस्तीत, कोणत्या मजुरीवर काढली असतील, याचा विचार करा.

आता पुन्हा नांदेड-लातूरकडे येऊ. आमच्या मुलांसाठी खेळ म्हणजे हौस असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या गटाच्या पदासाठी कोणत्या पातळीवरच्या स्पर्धेतला क्रमांक हवा, हे १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने ठरवलेले आहे. म्हणजे मैदानावरचा एक क्रमांक हा पोलीस भरतीपासून तलाठ्याच्या परीक्षेपर्यंत दार उघडणारा कागद आहे. शेजारच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांचेच पाहा. घरची परिस्थिती हलाखीची. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये, ऐन करोनात, त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. मैदान ते नोकरी ही शिडी खोटी नाही. म्हणूनच शिडीची एक पायरी गळाली की वर जाणारा माणूस खाली पडतो.

आणि पायरी गळाली तेव्हा वर चढले कोण? ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे दाखवून खेळाडूंच्या कोट्यातून नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण याच महाराष्ट्रात उघडकीस आले. ज्यांनी त्या खेळाचे साधन कधी डोळ्यांनी पाहिले नसेल, ते खेळाडू ठरले. जो मुलगा अनवाणी पायाने चेंडू मारत मोठा झाला, त्याच्याकडे मात्र दाखवायला कागद नाही, कारण त्याच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही. याला गुणवत्ता म्हणायचे काय? एरवी आमच्या आरक्षणाच्या नावाने गुणवत्तेची टिमकी वाजवणारे या वेळी गप्प का होते?

बुडालेले वर्ष परत देता येत नाही, असे कोणी सांगू नये. याच सरकारने ते देऊन दाखवले आहे. १ मार्च २०२० ते १७ डिसेंबर २०२१ या काळात ज्या उमेदवारांची वयोमर्यादा उलटली, त्यांना शासकीय भरतीत आणखी एक संधी देण्याचा निर्णय झाला. मार्च २०२३ मध्ये वयात दोन वर्षांची सवलतही दिली गेली. परीक्षा देणारे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, म्हणून सरकारला ऐकावे लागले. लातूरच्या शिकवण्यांचे बळ असलेली नीट परीक्षा तर १३ सप्टेंबर २०२० रोजी, करोना भरात असताना घेतली गेली, कारण ती बुडाली तर कोणाकोणाची घरे हलतील हे सर्वांना माहीत होते. लातूर पॅटर्नला वाली आहे. लातूरच्या मैदानाला वाली नाही. अभ्यासिकेतल्या मुलाचे वर्ष हे वर्ष, आणि मैदानावरच्या मुलाचे वर्ष हा खेळखंडोबा, असा हा न्याय आहे.

हे नवे नाही. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी झाडता-झाडता ते देशातले सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज झाले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. १८९६ च्या प्लेगने पुणे उठले तेव्हा ते मुंबईला गेले. मुंबईत त्यांना लष्करी पथकात आणि पुढे रेल्वेत जागा मिळाली, म्हणून त्यांचा खेळ वाचला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद काही मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही झगडून. पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात, काँग्रेसच्या बाजूने उभे राहिले हे खरे. पण मैदानावरचा त्यांचा धडा आम्ही विसरत नाही. साथीतून खेळाडू वाचतो तो कौतुकाने नाही, पगाराच्या नोकरीने आणि डोक्यावरच्या छपराने वाचतो. नांदेड-लातूरच्या किती बाळूंना २०२० मध्ये तसे छप्पर मिळाले?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, साथ, दुष्काळ किंवा अन्य आपत्तीमुळे ज्या वर्षी स्पर्धा होणार नाहीत, ते वर्ष खेळाडूच्या वयात मोजू नये. आंतरविद्यापीठ स्पर्धेची २५ वर्षांची अट असो की नोकरीतली अट असो, हा नियम कायम लिहून ठेवा. आपत्ती आल्यावर कृपा म्हणून द्यायची ती सवलत नको, आधीपासून हक्क म्हणून हवी. दुसरी, स्पर्धा मधेच थांबली तर त्या दिवशी जो संघ जिथे होता, त्याची रीतसर नोंद करून प्रमाणपत्र द्या. बागानला जो न्याय तोच मुखेडच्या पोराला. तिसरी, वसतिगृह बंद करायची वेळ आली तर खेळाडूंचा आहार भत्ता बंद करू नका, तो थेट खात्यावर जमा करा. चौथी, क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी उघड करा. कोण कोणत्या मैदानावर, कोणाविरुद्ध खेळला हे गावाला कळू द्या. खोट्यांचे पितळ गावच उघडे पाडेल.

यांपैकी एकाही मागणीला कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागतो तो एक शासन निर्णय, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे एक परिपत्रक आणि ते काढण्याची इच्छा. विद्यापीठाच्या अधिसभेवर आपली माणसे निवडून जातात. त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा, अशी आमची त्यांना जाहीर विनंती आहे.

आणि दोन शब्द आपल्या जयंती मंडळांसाठी. जयंतीच्या निमित्ताने गावोगावी कबड्डी-क्रिकेटच्या स्पर्धा होतात ही आपली चांगली परंपरा आहे. २०२० आणि २०२१ मध्ये त्याही बंद राहिल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या, आनंद आहे. पण डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका संघाचे बूट, चेंडू आणि जर्सी येते, हा हिशेब मंडळांनी एकदा कागदावर करून पाहावा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि नागसेनवनासाठी ऐसपैस जागा घेतली. चार भिंतींत कोंडलेले शिक्षण त्यांना नको होते. आज आपल्या किती संस्थांची मैदाने शाबूत आहेत आणि किती मैदानांवर गाळे उभे राहिले, हेही ज्याने त्याने आपल्या गावात पाहून घ्यावे.

२०२० चा तो संघ आता पुन्हा जमणार नाही. त्यातले कोणी पुण्याच्या कंपनीत कंत्राटी कामाला असतील, कोणी रिक्षा चालवत असतील, कोणी अजूनही भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत असतील. त्यांचा हंगाम त्यांना परत देण्याची वेळ निघून गेली. पण पुढची साथ येणार आहे, पुढचा दुष्काळ तर आमच्या मराठवाड्यात ठरलेलाच आहे. त्या वेळी आज मैदानावर धावणाऱ्या पोरांचे वर्ष पुन्हा असेच बुडवायचे की त्यांच्या नावावर जमा करायचे, हे ठरवायला आज मात्र वेळ आहे. जयभीम!